राष्ट्रीय अजिंक्यपद आणि कांद्याचं लोणी

"या वर्षी अंगठी माझ्या बोटात आली नाही, तर नाव बदलीन!" वेंडेल क्रुपका टेबलावर मूठ आपटून म्हणाला. मीठदाणी आडवी झाली. रॉबर्टानं तिच्याकडे न बघताच ती उभी केली. लग्नापासून ती हेच करत आली होती.

"नावाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गुडघे बदल."

गुडघ्यांचा विषय वेंडेलला आवडत नसे. आठवडाभर तो कॉर्बिन फॉल्समधल्या लोकांचे पाण्याचे बंब दुरुस्त करी आणि शनिवारी कॉर्बिन फॉल्स हॅमर्स या अर्धव्यावसायिक अमेरिकन फुटबॉल टीमचा सेंटर होई. अर्धव्यावसायिक म्हणजे व्यवसाय दुसराच असतो आणि उरलेल्या अर्ध्या वेळात हाडं मोडून घ्यायची असतात. टीममध्ये एक खाटीक होता, दोन पोस्टमन होते, एक विमा एजंट होता. कोच डोनेली शाळेत भूगोल शिकवायचे. सेंटरचं काम तसं सोपं. वाकायचं, चेंडू दोन पायांमधून मागच्याच्या हातात द्यायचा, आणि लगेच समोरचा डोंगर अंगावर घ्यायचा. हे एकोणीस हंगाम करूनही ज्याचं नाव पेपरात येत नाही, तो सेंटर!

आता अंगठीचं. ओहायोमधल्या त्या गावात लग्नाळू वेंडेलनं रॉबर्टाला शब्द दिला होता, "एकदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकू दे, विजेत्याची अंगठी बोटात पडू दे, की बूट खुंटीला! मग प्रत्येक शनिवार तुझा. स्लोवाक क्लबात पोल्का नाचायला नेईन." रॉबर्टाला वाटलं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. तिनं उत्साहानं नाचायचे निळे बूट घेतले. ते खोक्यातच राहिले. हंगाम संपला की गुडघा, गुडघा बरा झाला की हंगाम, असं वेंडेलचं वर्ष होतं. त्यामुळे हॅमर्सनी जिंकावं म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारी गावात एकच बाई होती. तिला फुटबॉल मुळीच आवडत नव्हता. तो संपायला हवा होता.

आणि या वर्षी खरोखरच चमत्कार झाला. हॅमर्स एकामागून एक सामने जिंकत सुटले. राष्ट्रीय अंतिम सामना जानेवारीत, फ्लोरिडात! समोर लुईझियानाची बेयू बुल्स ही टीम.

रॉबर्टानं निळे बूट खोक्यासकट पिशवीत भरले. वेंडेलनंही पिशवीत एक गोष्ट भरली, पण गुपचूप. तव्यावर फवारायच्या तेलाचा डबा.

"हे कशाला?" शेजारच्या स्टॅन हुदाकनं विचारलं. स्टॅन खेळायचाही वेंडेलच्या शेजारीच, आणि बाकीच्या वेळी क्लबात अकॉर्डियन वाजवायचा.

"हळू बोल! समोरचे माझा शर्ट बगलेत पकडतात आणि मला रस्त्यातल्या खुर्चीसारखं बाजूला ठेवतात. शर्टाला तेल फवारलं की हात सटकणार!"

"नियमात बसतं?"

"सापडलं तर नाही बसत."

स्टॅनला हे कायद्याचं उत्तर पटलं.

बस निघाली. ओहायोत गुडघाभर बर्फ होता. खालच्या कप्प्यात रॉबर्टाचे पिरोगी होते, बटाटा आणि चीज भरलेले, करंजीच्या आकाराचे, पोती भरतील एवढे. सामना झाला की पार्किंगमध्ये दोन्ही टीमना जेवू घालायचं, ही हॅमर्सची रीत. दोन तास ज्याचा गळा धरला, त्याच्याच ताटात आधी वाढायचं. पिरोगींवर ओतायला तिनं एका मोठ्या पातेल्यात लोणी आणि परतलेला कांदा घेतला होता. थंडीनं ते दगडासारखं गोठलं होतं.

बस जॉर्जियात शिरली तशी कोट निघाले. फ्लोरिडात पोचेपर्यंत मंडळी बनियनवर आली. मैदानाबाहेर बसमध्येच सगळ्यांनी कपडे चढवले. बाकीचे उतरले, तेव्हा वेंडेलनं डबा काढला, हलवला आणि दाबला. फुस्स! थेंब नाही.

"स्टॅन! हा रिकामा कसा?"

"बसच्या दाराला मारला की! टेनेसीपासून किंचाळत होतं. कोचनी विचारलं, कुणाकडे तेल आहे का? तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक होतं. आता बघ, कसं लोण्यासारखं सरकतंय!"

वेंडेल संतापानं तोंड उघडणार होता. ते उघडलंच नाही. लोणी! तो खाली उतरला, कप्पा उघडला, पातेल्यावरचं झाकण काढलं. फ्लोरिडाच्या उन्हानं आपलं काम चोख केलं होतं. आत सोनेरी, पातळ, घमघमीत लोणी हेलकावे खात होतं.

"रॉबर्टा मारेल," स्टॅन म्हणाला.

"आज जिंकलो तर रॉबर्टाला नाचायला नेईन. लाव!"

नवऱ्या मुलाला हळद लावावी तसं स्टॅननं त्याला लोणी लावलं. खांदे, बगला, पोट, पाठ. शर्ट गडद निळा, त्यामुळे काही दिसत नव्हतं. गोठलेलं लोणी पातळ थरासारखं चिकटून बसतं, असा दोघांचा ओहायोतला अनुभव होता. उन्हात तेच लोणी चालायला लागतं, हा अनुभव त्यांना अजून यायचा होता. पातेल्यात तळाला थोडा कांदा उरला. झाकण लावून दोघं साळसूदपणे मैदानात आले.

सामन्याआधी पंच रांगेतून फिरला. वेंडेलपुढे येऊन थांबला आणि त्यानं नाक वर केलं.

"कोण जेवतंय इथं?"

"मी, साहेब," स्टॅन म्हणाला. "जेवलोय. आत्ताच."

पंच पुढे गेला. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत रॉबर्टा बसली होती. पायात निळे बूट. वेंडेलनं ते बघितले. आज हरायचं नाही! अंगठीचं सोडा, त्या बुटांचे तळवे अजून कोरे होते.

वेंडेलसमोर उभा राहिला थिबोडो. वय पंचविशीचं, रुंदी शाळेच्या फाटकाएवढी, आणि चेहऱ्यावर मनमोकळं हसू.

"नमस्कार, आजोबा! तब्येत बरी ना?"

"तुझ्यासारखे फार पाहिले."

"पाहिले असतील. चष्मा लावून की चष्म्याशिवाय?"

चेंडू मागे गेला. थिबोडोनं सवयीनं वेंडेलची बगल धरली आणि ओढली. हात सटकला! थिबोडो स्वतःच्याच जोरानं मागे बसला. पुन्हा चेंडू, पुन्हा पकड, पुन्हा बैठक! एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वेंडेल उभा होता आणि समोरचा खाली. त्याला तो देखावा इतका आवडला की तो क्षणभर बघतच राहिला.

"आजोबा," थिबोडो उठत म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"कांद्याचा वास कुठून येतोय?"

"कसला कांदा?"

"परतलेला. मी आमच्याकडे हॉटेलात स्वयंपाकी आहे. लोण्यात परतलाय, मंद आचेवर. ज्यानं केलाय त्यानं घाई केलेली नाही."

वेंडेलला बायकोचा अभिमान वाटला, पण तो बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती.

चेंडू बुल्सच्या रेषेपलीकडे नेऊन हॅमर्सनी पहिला टचडाउन केला. केला विमा एजंट ब्रायसनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, स्वतः पळत जाऊन. पण हॅमर्समध्ये कोच डोनेलींनी एक पद्धत पाडली होती. गुण कुणीही करो, पहिली मिठी सेंटरला! "त्याच्याकडे जग बघत नाही, आपण तरी बघू," असं कोच म्हणत. अतिशय माणुसकीची पद्धत. त्या माणुसकीनं त्या दिवशी घात केला. ब्रायस धावत आला आणि वेंडेलला बिलगला. दोन्ही पोस्टमन बिलगले. खाटीक बिलगला. भावनेच्या भरात कोचही बिलगले.

दुसरा टचडाउन झाला. पुन्हा मिठ्या! आता बाकावरचे राखीव गडीसुद्धा आले. मध्यंतराला हॅमर्स चौदा गुणांनी पुढे होते आणि टीममधला प्रत्येक माणूस बोटाच्या टोकापर्यंत लोण्यानं माखलेला होता. कुणाला कळलं नाही. उन्हात घाम येतो, तो जरा जास्तच चमकतोय, एवढंच वाटलं. कोचच्या हातातला खडू मात्र तीनदा पडला.

मध्यंतरानंतर ब्रायसनं पहिला चेंडू फेकायला हात मागे नेला. हात पुढे आला. चेंडू मागेच राहिला! बुल्सनी तो उचलला आणि नेला.

"ब्रायस! लक्ष कुठंय?" कोच ओरडले.

"कोच, चेंडू जिवंत आहे!"

मग धरबंदच सुटला. ब्रायसनं फेकावा आणि पोस्टमननं झेलावा, तर चेंडू त्याच्या छातीवरून पोटावर, पोटावरून गवतात. आयुष्यभर घरोघरी वस्तू नीट पोचवणारा माणूस तो, पण त्या दिवशी एकही पोचली नाही. वेंडेल वाकून चेंडू मागे देई, तोही ब्रायसच्या हातांतून थेट आकाशात जाई.

"टॉवेल!" वेंडेल ओरडला. "सगळ्यांनी हात पुसा!"

टॉवेल एकच होता. तोही लोण्याचा झाला.

बुल्स बरोबरीला आले. मग एक किक मारून तीन गुणांनी पुढे गेले. वेंडेलनं प्रेक्षकांत पाहिलं. रॉबर्टा उभी राहिली होती. आयुष्यभर ज्या खेळाकडे तिनं जांभया देत पाहिलं, त्यासाठी ती दोन्ही मुठी आवळून ओरडत होती, "वेंडेल! धर त्याला!"

धरायचं कसं? अडचण हीच होती. दोन तास थिबोडो वेंडेलला मिठ्या मारत होता. त्यामुळे वेंडेलवरचं निम्मं लोणी आता थिबोडोच्या अंगावर होतं. पूर्वी थिबोडोला वेंडेल सापडत नव्हता, आता वेंडेलला थिबोडो सापडेना! छातीला छाती लावावी, तर तो बाजूनं सुळकन पलीकडे.

"आजोबा," थिबोडो धापा टाकत म्हणाला, "मला फार भूक लागलीय हो."

"मग घरी जा!"

शेवटची चाल. घड्याळात काही सेकंद. हॅमर्स तीन गुणांनी मागे आणि गुणांची रेषा वीसेक पावलांवर. किक मारून बरोबरी करावी, तर किक मारायच्या वेळी चेंडू धरून ठेवणारा तोच पोस्टमन होता. कोचनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फेकूनच जिंकू."

वेंडेल वाकला. चेंडू मागे दिला. ब्रायसनं तो पोटाशी धरला, हे विशेष. तेवढ्यात थिबोडो वेंडेलच्या दोन्ही हातांतून निसटला आणि ब्रायसवर जाऊन आदळला. चेंडू उडाला! वर गेला, गिरक्या घेतल्या आणि खाली आला तो नेमका वेंडेलच्या पोटावर. वेंडेलनं प्रतिक्षिप्तपणे त्याला कवटाळलं.

सेंटरनं चेंडू घेऊन पळायचं नसतं असं नाही. तसा प्रसंगच येत नाही. वेंडेलला दोन क्षण कळलंच नाही की हातात आहे ते काय आहे.

"पळ!" स्टॅन ओरडला. "तिकडे नाही! इकडे!"

वेंडेल पळाला. गुडघ्यांनी निषेध नोंदवला, त्यानं तो ऐकला नाही. बुल्सचा पहिला गडी आला, कमरेला लटकला आणि घसरत बुटांपर्यंत गेला. दुसऱ्यानं खांदा धरला, हात सटकला. तिसऱ्यानं शर्ट दोन्ही मुठींत घट्ट पकडला आणि मुठींत नुसता परतलेला कांदा घेऊन तो गवतावर बसला! वेंडेलला कुणीही धरू शकत नव्हतं. योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती! सगळं मैदान उभं राहिलं. रॉबर्टा बाकावर चढली. रेषा पाच पावलांवर, तीन पावलांवर. आनंदानं वेंडेलचं ऊर भरून आलं आणि त्यानं चेंडू छातीशी घट्ट, अगदी घट्ट आवळला.

तेवढं करायला नको होतं.

ओला साबण मुठीत दाबावा तसा चेंडू त्याच्या हनुवटीखालून निसटला, डोक्यावरून मागे गेला आणि टप्पे घेत मैदानात परतला. वेंडेलनं रेषा ओलांडली. दोन्ही हात वर केले. हात रिकामे होते.

मागे थिबोडो चेंडूवर पोट टेकून पडला होता. पंचानं शिट्टी वाजवली. बुल्स राष्ट्रीय विजेते झाले.

पार्किंगमध्ये मात्र रीत ती रीत. रॉबर्टानं परातींवरची झाकणं काढली. दोन्ही टीम ताटं घेऊन उभ्या राहिल्या. रॉबर्टानं पातेलं उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

"माझं लोणी कुठं गेलं?"

स्टॅन बसचं दार उघडझाप करून बघू लागला. दार खरंच छान सरकत होतं.

रांगेत पहिला थिबोडो. त्यानं कोरडाच पिरोगी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि सावकाश चावला.

"मावशी, फार सुंदर! पण खरं सांगू? मैदानात याचाच वास येत होता, तिथं लोणी बरंच जास्त होतं." मग त्यानं वेंडेलच्या खांद्यावरून कांद्याची एक पाकळी अलगद उचलली, खाल्ली आणि मान डोलावली. "हाच!"

रॉबर्टानं नवऱ्याकडे पाहिलं. जवळ गेली, त्याच्या शर्टावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"वेंडेल."

"तुझ्या शनिवारसाठी केलं गं," तो म्हणाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती परातीकडे वळली. थिबोडोला आणखी चार पिरोगी वाढले. मग बसमध्ये जाऊन तिनं निळे बूट काढले, त्यांचे तळवे रुमालानं पुसले आणि खोक्यात ठेवले. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं. वेंडेलला अंगठी गेल्याचं दुःख आतापर्यंत होतं. ते खोक्याचं झाकण लागलं आणि ते दुःख एकदम क्षुल्लक झालं. आपण या बाईचे शनिवार एका अंगठीपायी अडकवून ठेवले, आणि अंगठीला त्याची पर्वाही नव्हती! त्याला मनापासून लाज वाटली.

"रॉबर्टा," तो तिच्याशेजारी बसत म्हणाला, "अंगठीबिंगठी काही नको. मी सोडलं. येत्या शनिवारी क्लबात जायचं. बूट बाहेर काढ."

"शब्द?"

"शब्द!"

रॉबर्टानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. लगेच उचललं, कारण गाल तुपकट झाला. पण ती हसली.

शनिवारी क्लब भरला होता. मंचावर स्टॅन अकॉर्डियन घेऊन बसला होता. वेंडेलनं कोट घातला होता आणि तीनदा अंघोळ केली होती. तरी दारातल्या माणसानं विचारलं, "आज जेवणात कांदा आहे का?"

पोल्का सुरू झाला. वेंडेलनं रॉबर्टाला घट्ट धरलं.

"एवढं काय आवळतोस? मी कुठं पळून जातेय?"

"हल्ली सगळंच निसटतंय गं हातातून," तो म्हणाला. रॉबर्टाचे डोळे पाणावले. तिनंही त्याचा हात दाबला.

इथवर फार चांगलं चाललं होतं. मग स्टॅननं ताल वाढवला. वेंडेलला नाच येत नव्हता. समोरच्याला छातीशी धरलं की काय करायचं, याचं त्याच्या शरीराला एकच शिक्षण मिळालेलं होतं. त्यानं गुडघे वाकवले, मान खाली घातली आणि पाय मारत पुढे निघाला! रॉबर्टा उलट्या पावलांनी मागे. एक जोडपं बाजूला झालं, दुसरं उडालं. "वेंडेल! अरे, थांब! भिंत!" पण अकॉर्डियनच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही. खाण्याच्या टेबलाशी पोचल्यावर त्यानं शेवटचं भक्कम पाऊल रोवलं. ते निळ्या बुटावर पडलं.

कट्!

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी वेंडेलचा आकार पाहिला, मग रॉबर्टाचं सुजलेलं पाऊल.

"फुटबॉल?"

"पोल्का," दोघं म्हणाले.

"अंगठा मोडलाय. सहा आठवडे पाय टेकायचा नाही." मग त्या वेंडेलकडे वळल्या. "तुम्ही खेळता वाटतं? किती वर्षं?"

"एकोणीस."

"आणि मैदानात कधी कुणाचं हाड मोडलंत?"

वेंडेलनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. एकाचंही नाही."

डॉक्टरीणबाई पट्टी आणायला गेल्या. वेंडेल पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसला. हातात चेपलेला निळा बूट होता आणि तो त्याचा आकार परत आणायचा प्रयत्न करत होता.

"सराव एप्रिलपासून सुरू होतो ना?" रॉबर्टानं विचारलं.

"होऊ दे! मी सोडलंय. शनिवार तुझा. शब्द दिलाय."

रॉबर्टानं मोडलेल्या पायाकडे पाहिलं. मग धड पायाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"तू जा," ती म्हणाली. "आणि लोणी लागलं तर आधी सांग. कांदा गाळून देईन."